कपाट आणि कवाड

महोदय,

‘कपाट’ हा शब्द इंग्रजी ‘कबर्ड’वरून आला, असे अनेकजण ठामपणे सांगतात, मात्र हे निव्वळ उच्चारसाम्य असून शब्द अस्सल संस्कृत आहे आणि तेथे त्याचा अर्थ दाराची फळी असा होतो. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात तरुण रघूला ‘कपाटवक्षाः’ म्हटले आहे, ते त्याची छाती दाराच्या फळीसारखी रुंद होती म्हणून. (आजच्या अर्थाने वाचल्यास बिचाऱ्याच्या छातीत खण आणि कप्पे शोधावे लागतील!)

‘दीप’चा ‘दिवा’ आणि ‘घोटक’चा ‘घोडा’ ज्या वाटेने झाला, त्याच वाटेने ‘प’चा ‘व’ आणि ‘ट’चा ‘ड’ होऊन प्राकृतातून आपल्याकडे ‘कवाड’ आले व त्याने दाराचा जुना अर्थ सांभाळला. मूळ रूपातले ‘कपाट’ मात्र मराठीत, बिजागरीवर फिरणाऱ्या दोन फळ्यांमागे कपडे नि कागदपत्रे ठेवण्याच्या वस्तूला चिकटले. हिंदीत मंदिराचे ‘कपाट’ उघडतात, तेव्हा आजही दारच उघडते. हिंदीने या वस्तूसाठी पोर्तुगीजांकडून ‘अलमारी’ घेतली, जिच्या लॅटिन मुळाचे नाते शस्त्रांशी आहे.

गंमत म्हणजे ‘कबर्ड’ ही पूर्वी पेले मांडून ठेवण्याची उघडी फळी होती. म्हणजे आपल्या शब्दाचा जन्म दारातून झाला आणि ज्याला त्याचा जनक ठरवले जाते, त्याला आरंभी दारच नव्हते.

– एक वाचक