चिखलात उभी राहणारी होडी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर आईने दोनदा विचारलं, "आवाज असा का येतोय?" मी सर्दी म्हणाले. सर्दी नव्हती. आदल्या दिवशी मी एका होडीचा विसार देऊन आले होते. शिडाची, जुनी, २६ फुटी. परवा उरलेले पैसेही भरले. म्हणजे "नको घेऊस" म्हणायची वेळ निघून गेली, आणि खरं सांगायचं तर ती मी मुद्दाम जाऊ दिली.

आई, पत्र खाली ठेवू नकोस. ८४ साल मी विसरलेले नाही. त्या पावसाळ्यानंतर आम्हाला पुळणीवरसुद्धा एकटं जाऊ देत नव्हतीस, तेही नाही. म्हणूनच तीन महिने घालवले, नाहीतर पहिली होडी पाहिली तेव्हाच घेऊन मोकळी झाले असते.

बाबा, ती पहिली कॉन्टेसा ३२ जातीची, शिडाचीच. अरुंद, लांब नाकाची, पाण्यात अशी बसलेली की बघत राहावं. एकूण वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तळाखाली पाण्यात उतरलेल्या जड पात्यात, त्यामुळे वाऱ्याने कितीही लोळवली तरी उठते. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या होड्यांच्या इथल्या शर्यतीत मोठं वादळ झालं. ३०३ होड्या निघाल्या, ८६ पोचल्या. सर्वांत लहान होड्यांच्या गटातून एकच पोचली, तीही कॉन्टेसा ३२. (वादळाचं आईला वाचून दाखवू नका म्हणणार होते, पण पत्र आधी तीच फोडते.)

मागत होते १८,००० पौंड. इथे जुनी होडी घेण्याआधी सर्व्हेयर नेमतात. होडी क्रेनने पाण्याबाहेर काढतात आणि तो छोट्या हातोडीने तिचं अंग वाजवत फिरतो, तुम्ही फणस वाजवता तसा. फक्त इथे बद्द आवाज आला की वाईट बातमी. डोलकाठीच्या बुंध्याशी डेक बद्द वाजला, म्हणजे आतला लाकडी गाभा भिजलेला. डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारा पंधरा वर्षांच्या. विमेवाले त्या बहुधा दहाच्या पुढे चालू देत नाहीत. आणि पातं साडेपाच फूट खोल. आमच्या इथला, इंग्लंडमधल्या पूल गावचा बंदर-परिसर मोठा खरा, पण उथळ. तिला खोल पाण्यातली जागा लागणार आणि तिचं भाडं दर वर्षी.

दुसरी वेस्टर्ली सेंटॉर जातीची. दिसायला डबा. १९६९ ते १९८० मध्ये अशा दोन हजारांहून जास्त बांधल्या. शर्यतीत कुणी तिच्याकडे ढुंकून बघणार नाही, वाऱ्याच्या तोंडावर तर बैलगाडीच. पण हिला एक खोल पातं नाही, दोन आखूड आहेत, त्यामुळे तीन फूट पाणी पुरतं आणि ओहोटीला ती चिखलात दोन पायांवर सरळ उभी राहते.

बाबा, आंजर्ल्याच्या खाडीत ओहोटीला होड्या कलंडून पडायच्या, तेव्हा मला वाटायचं त्या आजारी आहेत. तुमचं बोट धरून विचारायचे, "उठतील ना?" तुम्ही म्हणायचात, "भरती तर येऊ दे." सेंटॉर पहिल्यांदा पाहिली तीही ओहोटीलाच. कलंडली नव्हती. तिथे उभी राहून उगाच रडले. त्या विकणाऱ्या गृहस्थांना वाटलं किमतीवरून.

किंमत ६,५०० पौंड. या होड्यांची पाती तळाला जिथे जोडलेली असतात तिथे तडे जातात, हा त्यांचा जुना आजार. हिच्यात आधीच्या मालकाने आतून फायबरग्लासचे थर देऊन तो भाग भक्कम करून घेतलाय. फळ्या उचलून सर्व्हेयरने पाहिलं, मीही बॅटरी लावून पाहिलं. इंजिन बदललेलं आहे. आत दोन शेगड्या, रुंद बाकं, दार बंद होणारा संडास. आई, चहा मी तुझ्यासारखाच गवती चहा घालून करीन. मधे धरायला दांडे आहेत, बाबांच्या गुडघ्याला बरे.

आधी लिहिणार होते की बाबांच्या गुडघ्यासाठीच ही घेतली. ते खोटं. मला हवी होती. २०१० साली दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, तेव्हा गोव्यात बांधलेल्या त्यांच्या 'म्हादेई' होडीचं कात्रण तुम्हीच मला पाठवलं होतंत, बाबा. मी काही प्रदक्षिणेला निघालेली नाही. बंदराच्या आत, ब्राउनसी बेटापर्यंत. पोहता येतं, लाइफजॅकेट घातल्याशिवाय डेकवर पाऊल नाही, होडी चालवण्याचा डे स्किपर नावाचा कोर्स पुरा केलाय. आणि समुद्रात अडकलेल्यांना सोडवणारी इथली संस्था, आरएनएलआय, १८२४ सालची, तिचं मुख्यालयच पूलमध्ये आहे. आता याहून जवळ काय हवं?

आता जे विचारायचं टाळाल ते. होडी घेतली म्हणजे परत येणं लांबलं का? दोन वर्षं म्हणून आलो त्याला नऊ झाली. यंदा कायमचं परत येणं होत नाहीये. मुलीची दहावी इथेच होऊ दे म्हणतोय आम्ही. पुढचं आत्ता लिहीत नाही, कारण कागदावर ते उगाच जास्त पक्कं दिसेल. गणपतीची तिकिटं मात्र काढली आहेत, दहा दिवस नाही, पूर्ण तीन आठवडे. घराच्या कौलांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावलेला नाही.

आणि त्या कौलांवरून. बाबा, तुम्ही शिडीवर चढायचं नाही. माणूस सांगून ठेवलाय, मजुरी मी देणार, त्याच्याशी घासाघीस करायची नाही. बीपीची गोळी सकाळी, आठवेल तेव्हा नाही. आई, मोतीबिंदूचं "पावसाळा सरला की" हे तिसऱ्या पावसाळ्याला ऐकतेय. तारीख घे आणि मला कळव. मी होडीत सांभाळून बसते, तुम्ही घरात सांभाळून वागा. रागावला असाल तर रविवारी फोनवर रागवा, पण फोन उचला.

तुमची,
बेबी

ता. क. नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा म्हणते. इथल्या दुकानात मिळतो त्याला शेंडी नसते. चालतो का, ते आईने कळवावं.