शिक्षा ऐकण्याआधीच निकाली निघालेली तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग (ब्रॉडबँड सेवा),
लातूर कार्यालय.

दिनांक : २० जून २०२५

विषय : दि. १४ जून रोजी रात्री सेवा खंडित झाल्याबाबतची माझी तक्रार "कार्यक्रमाचा मुख्य भाग ग्राहकाने पाहिला होता, नुकसान नाही" असा शेरा मारून बंद केल्याबाबत व तो शेरा दुरुस्त करून मिळण्याबाबत.

महोदय,

मी औसा रोड भागात राहणारा, गेल्या चार वर्षांपासूनचा आपला ग्राहक असून न्यायालयीन सेवेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. त्याआधी बरीच वर्षे मी बेंच क्लार्क होतो. प्रकरण केव्हा निकाली निघाले असे म्हणायचे आणि केव्हा म्हणायचे नाही, हे ठरवण्यात माझी नोकरी गेली, म्हणून आपल्या शेऱ्यातील 'मुख्य भाग' हे दोन शब्द मला पाच दिवस झाले तरी स्वस्थ बसू देत नाहीत.

घडले ते असे. पुण्याला असलेल्या मुलीच्या आग्रहावरून मी आणि माझी पत्नी 'बेटर कॉल सॉल' ही अमेरिकन मालिका रोज रात्री जेवणानंतर एक भाग याप्रमाणे पाहत होतो. ही 'ब्रेकिंग बॅड' या मालिकेतून निघालेली स्पिन-ऑफ मालिका असून तिचे एकूण ६३ भाग आहेत. शनिवार दि. १४ जून रोजी आम्ही त्रेसष्टावा, म्हणजे शेवटचा भाग लावला. रात्री दहाच्या सुमारास, नायक न्यायालयात उभा राहून आपले खरे नाव सांगतो आणि मागे बसलेल्या किमकडे, म्हणजे त्याच्या घटस्फोटित पत्नीकडे, वळून पाहतो, त्याच क्षणी चित्र थांबले आणि पडद्यावर गोल चक्र फिरू लागले. आम्ही ते चक्र वीस मिनिटे पाहिले. राउटरवरचा लाल दिवा पाहून मी आपल्या तंत्रज्ञास फोन केला तेव्हा तो म्हणाला, "काका, बार्शी रोडला खोदू लालेत, फायबर तुटलाय, आज काय व्हायचं नाही." त्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही. तो खरे बोलला, आणि सोमवारी संध्याकाळी भर पावसात खांबावर चढून त्यानेच जोडणी करून दिली.

तक्रार आहे ती रविवारी सकाळी आपल्या ग्राहक सेवा केंद्रात ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांच्याबद्दल. सेवा कधी सुरू होईल असे मी विचारले. किती भाग राहिला होता, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की पंधराएक मिनिटे राहिली असतील, कोर्टाचा प्रसंग चालू होता. त्यावर ते हसून म्हणाले, "मग राहिलंच काय काका? त्याला शहाऐंशी वर्षं लागतात, संपली की सीरियल." त्यानंतर दुपारी मोबाइलवर संदेश आला की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, आणि तपशिलात वर विषयात दिलेला शेरा होता. सेवा तेव्हा बंदच होती, हे वेगळेच.

मालिका हा करमणुकीचा विषय आहे आणि त्यावर एवढे लिहायचे कशाला, असे आपणास वाटेल, म्हणून मुख्य भाग कोणता आणि किरकोळ कोणता हे थोडे सविस्तर मांडतो. मूळ मालिका २००८ ते २०१३ या काळात चालली आणि तिच्यात सॉल गुडमन हा अमली पदार्थांच्या गुन्हेगारांचा वकील, तोंडाळ, रंगीत सूट घालणारा, पाहणाऱ्याला हसवणारा माणूस आहे. २०१५ साली सुरू झालेली स्पिन-ऑफ मालिका हा माणूस असा का झाला ते सांगते. अशा मालिकेची मोठी अडचण ही असते की पुढे काय होणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. तो सॉल होणार हे ठाऊक. मूळ मालिकेच्या अखेरीअखेरीस तो स्वतःच म्हणतो की नशीब चांगले असले तर ओमाहा शहरात दालचिनीचे रोल विकणाऱ्या दुकानाचा मॅनेजर म्हणून आयुष्य काढीन. तेही पुढे खरे झालेले दिसते. मग राहिले काय? राहिली किम वेक्सलर, जी मूळ मालिकेत कुठेच नाही, आणि राहिला हा प्रश्न की ओमाहात लपलेल्या माणसाच्या आत पूर्वीचा जिमी मॅक्गिल (हे सॉलचे खरे नाव) शिल्लक आहे का. सहा सीझन थांबलेल्या प्रेक्षकाला या दोन गोष्टींचे उत्तर मिळते ते नेमके त्या पंधरा मिनिटांत.

आपल्या प्रतिनिधीचे म्हणणे असे दिसते की निकाल लागला म्हणजे गोष्ट संपली. निकालाच्या बाबतीत मी थोडे अधिकाराने बोलू शकतो. पकडला गेल्यावर या माणसापुढे सरकारी पक्ष जन्मठेप आणि वर १९० वर्षे असा हिशेब मांडतो. तो केवळ जिभेच्या जोरावर, ज्यूरीतला एक जरी माणूस पाघळला तरी खटला फसेल अशी भीती घालून, तो हिशेब साडेसात वर्षांवर आणतो. शिवाय दर शुक्रवारी पुदिन्याच्या आइस्क्रीमचा एक डबा मिळावा अशी अटही घालतो. आपल्याकडे शिक्षेबाबतची अशी तडजोड कायद्यात २००६ पासून आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे, परंतु ज्या गुन्ह्याला सात वर्षांहून अधिक शिक्षा होऊ शकते त्याला ती लागू नाही. म्हणजे लातूरच्या न्यायालयात हा सौदा दारातच अडला असता. असो. मुद्दा असा की सौदा पक्का झालेला असताना, न्यायाधीश खाली बसा म्हणत असताना, हा माणूस उभा राहून त्यावर स्वतःच पाणी सोडतो. मूळ मालिकेचा नायक वॉल्टर व्हाइट याचा अमली पदार्थांचा धंदा माझ्यावाचून उभाच राहिला नसता, हे तो सांगतो. किमला न्यायालयात आणण्यासाठी तिच्याबद्दल आपण सरकारी वकिलाशी खोटे बोललो, हे सांगतो. आणि ज्या सख्ख्या भावाच्या मृत्यूवर तीन सीझन त्याने विनोदाचे पांघरूण घातले होते त्याबद्दलही तो बोलतो, जो कायद्याच्या दृष्टीने गुन्हाच नव्हता. मी असंख्य जबाब नोंदवले जाताना पाहिले आहेत. ज्याची नोंद घेण्याची न्यायालयाला गरजच नाही असे काही कबूल करणारा आरोपी मात्र क्वचितच पाहिला.

पण, महोदय, हा कबुलीजबाब आहे, शेवट नव्हे. शिक्षा किती झाली हे त्या न्यायालयाच्या प्रसंगात सांगितलेलेच नाही, आणि आपल्या प्रतिनिधीने माझ्यापासून हिरावून घेतले ते नेमके हेच. पुढे तो तुरुंगाच्या बसमध्ये बसतो, कैदी त्याला ओळखून सॉलच्या नावाने पाय आपटत ओरडतात, तो तुरुंगाच्या भटारखान्यात पाव भाजू लागतो, आणि मग एके दिवशी वकील भेटायला आली आहे असा निरोप येतो. ती किम असते. या दोघांनी ज्याची बदनामी केली त्या हॉवर्ड हॅमलिन या वकिलाच्या मृत्यूनंतर तिने आपली सनद स्वतःहून सोडलेली असते. पण जुन्या ओळखपत्रावर मुदत छापलेली नाही, त्यावर ती आत आलेली असते. (कायद्यातली इतकी छोटी फट शोधून ती एवढ्या चांगल्या कामाला वापरल्याचे पाहून माझ्यातला जुना बेंच क्लार्क खूश झाला, हे कबूल करतो.) ती त्याला 'जिमी' म्हणते. न्यायालयासाठी तो जेम्स, कैद्यांसाठी सॉल आणि तिच्यासाठी जिमी. मागच्या बासष्ट भागांची सगळी ओढाताण त्या एका हाकेत मिटते. दोघे भिंतीला टेकून एकच सिगारेट आळीपाळीने ओढतात, जशी पहिल्याच भागात पार्किंगच्या तळघरात ओढली होती. सगळे चित्र कृष्णधवल असते, फक्त लायटरची ज्योत रंगीत. आणि तेव्हा ती म्हणते की तू तर शिक्षा सातपर्यंत आणली होतीस, आणि मग ८६ हा आकडा येतो.

सोमवारी सेवा सुरू झाल्यावर आम्ही हा प्रसंग पाहिला तेव्हा तो आकडा मला आधीच ठाऊक होता. तो किमच्या तोंडून ऐकायचा होता, आपल्या ग्राहक सेवा केंद्रातून नव्हे. आमच्याकडे दोषी ठरल्यानंतर शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीस वेगळे ऐकले जाते आणि रोजनाम्यात तशी स्वतंत्र नोंद होते, कारण दोषी ठरणे आणि शिक्षा ऐकणे या दोन वेगळ्या घटना आहेत. शिक्षा ऐकण्याआधी माझ्या टेबलावरून प्रकरण अभिलेख कक्षात गेले असते तर माझीच चौकशी लागली असती. आपल्याकडे मात्र त्याला निकाली म्हणतात.

हा शेवट सर्वांना समाधान देतो असा माझा दावा नाही, आणि तसे लिहून मी आपली दिशाभूल करणार नाही. आमच्या घरातच याबाबत एकमत नाही. पत्नीचे म्हणणे असे की हॉवर्डवर व्यसनाचा खोटा डाग लावून त्याला मातीत मिळवले, किमने प्रतिज्ञापत्र देऊन त्याचे नाव धुऊन काढले हे बरे झाले, "पण त्याच्या बायकोच्या हाती काय आलं?" ती दिवाणी दावा लावणार की नाही हे मालिका सांगत नाही. गुन्हेगारी टोळीच्या कचाट्यात सापडून मेलेल्या नाचो या तरुणाच्या वडिलांचे दुःखही तसेच कुठेतरी मागे राहून जाते. हे आक्षेप मला मान्य आहेत. मूळ मालिकेचा शेवट पाहिला तर वॉल्टर व्हाइट मरण्यापूर्वी जवळपास प्रत्येकाचा हिशेब चुकता करून जातो; पैसे पोहोचतात, शत्रू मरतात, मित्र सुटतो. ते पाहताना बरे वाटते, पण माझ्या अनुभवात एवढी चोख फेड कुठल्याच प्रकरणात होत नाही. या मालिकेत फेड अपुरी आहे. किम फ्लोरिडात स्प्रिंकलरच्या कंपनीत कारकुनी करते आणि एका मोफत कायदा मदत केंद्रात जाऊन फायली लावू लागते, एवढेच तिच्या वाट्याला येते. तरीही मी याला समाधानकारक शेवट म्हणतो, कारण प्रत्येकाला जे मिळते ते त्याने स्वतः उचललेले आहे, कुणी त्याच्यावर लादलेले नाही. शेवटी तुरुंगाच्या अंगणातून तो दोन्ही हातांची बोटे पिस्तुलासारखी करून तिला दाखवतो, ती चालत राहते, आणि भिंत मध्ये येऊन तो दिसेनासा होतो. पत्नी त्यावर काही बोलली नाही. उठून चहा ठेवला. रात्री साडेअकराला आमच्या घरी चहा होत नाही, हे नमूद करतो.

आता मागणी. आपल्या योजनेचे मासिक शुल्क ५९९ रुपये व त्यावर १८ टक्के कर मिळून ७०६ रुपये ८२ पैसे होते. त्यानुसार दोन दिवसांचे ४७ रुपये १२ पैसे पुढील बिलातून वजा करावेत. रक्कम क्षुल्लक आहे, परंतु न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(११) नुसार सेवेतील त्रुटी ठरते, आणि ती क्षुल्लक ठरवण्याचा अधिकार माझा आहे, आपला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे माझी तक्रार पुन्हा उघडावी, आणि तिच्यातील शेरा काढून त्याजागी "दि. १४ जून रोजी रात्री दहापासून दि. १६ जूनच्या संध्याकाळपर्यंत सेवा बंद होती, तक्रार सेवा बंद असतानाच चुकीने निकाली काढण्यात आली" असे लिहावे. फायबर तुटणे हा आपला दोष नाही, रस्ता खोदणाऱ्यांचा आहे, हे मी लेखी मान्य करतो. चालू नसलेली सेवा चालू दाखवून तक्रार बंद करणे हा मात्र आपलाच दोष आहे, आणि तो आपण लेखी मान्य करावा एवढीच अपेक्षा आहे. प्रतिनिधीवर कारवाई करू नये. फक्त ग्राहक कोणता कार्यक्रम पाहत होता हे विचारू नये आणि विचारलेच तर त्याचा शेवट सांगू नये, एवढी सूचना त्यांना द्यावी.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ येथे नोंद करीन व आवश्यक वाटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तेथील कामकाजाची मला सवय आहे. मोबाइलवर आलेल्या संदेशाची प्रत व मे महिन्याची पावती सोबत जोडली आहे. ग्राहक क्रमांक पावतीवर आहे.

आपला,
(सही)
सेवानिवृत्त अधीक्षक,
औसा रोड, लातूर

ता. क. : पत्नीने हे पत्र वाचले. हॉवर्डच्या पत्नीबाबतचा तिचा आक्षेप मी आटोपता घेतला, अशी तिची तक्रार आहे. ती अद्याप प्रलंबित आहे.