हौद दुरुस्ती निधी : आठवण

सभासदहो, पेठेतल्या आपल्या हौदाच्या दुरुस्तीची वर्गणी येत्या रविवारपर्यंत खजिनदारांकडे द्यावी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळाने शहरात पाणी आणलं, ते अशाच हौदांत पडायचं.

काम चुन्यातच करायचं ठरलंय. सिमेंट स्वस्त पडेल, मान्य. पण ते ओल आत कोंडतं आणि जुनं बांधकाम खराब होतं. मागच्या डागडुजीचे पोपडे सगळ्यांनी पाहिलेच आहेत! चुना मुरवायला वेळ लागतो, म्हणून पैसे आधी हवेत.

करसवलत हवी असल्यास २००० रुपयांवरची देणगी रोख देऊ नका. चेक किंवा यूपीआय चालेल. पावती मागून घ्या.

वर्गणी जमत नसेल त्यांनी शनिवारी सकाळी गाळ काढायला यावं. घमेली आहेत, हातमोजे आपापले. आणि हौदात निर्माल्य टाकणं कृपया आजपासून बंद.