चीफ साहेब, तुम्ही आमच्या आईंना खाली नेलंत

आदरणीय चीफ साहेब,

सप्रेम नमस्कार. जहाज धक्क्याला लागल्यावर उतरायची एकच घाई झाली आणि तुमच्याशी धड दोन शब्द बोलता आले नाहीत. घरी आल्यापासून ती गोष्ट मनाला टोचतेय, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव मुद्दाम देत नाही, नौदलातला ‘चीफ’ हा हुद्दा तेवढा लिहितेय. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

माझ्या सासूबाई मालवणच्या. सिंधुदुर्ग किल्ला समोर दिसतो अशा घरात आयुष्य गेलेलं, सासरे मासेमारीला जायचे, त्यामुळे समुद्राची भीती त्यांना नाही. भीती आहे ती मुलाला घेऊन जाणाऱ्या त्या राखाडी जहाजाची. २०२३ चा नौदल दिन तारकर्लीला झाला तेव्हा त्या किनाऱ्यावर उभ्या होत्या. पंतप्रधान आले होते, विमानं डोक्यावरून गेली, पण आई लांबवरच्या जहाजांकडेच बघत होत्या. “आमच्या झिलाची खंयची गो?” म्हणजे आपल्या मुलाचं जहाज कुठलं, असं मला सारखं विचारत होत्या. आमचं जहाज त्यात नव्हतंच. मग ते कधीतरी आतून दाखवायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

फॅमिलीजसाठी ‘डे अ‍ॅट सी’ आहे म्हटल्यावर मी आईंचं नाव घातलं. त्यांच्या गुडघ्यांचं ऐकून एकाने मला सांगितलं, “वहिनी, म्हाताऱ्या माणसांना कशाला आणता? चढउतार झेपत नाही, मग सगळ्यांना त्रास.” खरं सांगू, असलं बोलणं आम्हाला नवीन नाही. हे सेलिंगवर असताना आई अंगणात पडल्या, तेव्हा एका दवाखान्याच्या काउंटरवर मला पहिला प्रश्न आला, “मुलगा कुठंय? सही कोण करणार?” मी सून आहे, मी करते म्हटलं, तर “घरातलं जबाबदार माणूस बोलवा.” जबाबदार माणूस अरबी समुद्रात होता. आई तोवर भिंतीला टेकून उभ्या. खुर्ची द्यायचं कोणाच्याही मनात आलं नाही. नातेवाईकही कमी नाहीत. “तुमचं काय, कॅन्टीन आहे, क्वार्टर आहे” म्हणणारे पुष्कळ, पण रात्री फोन केला तर उचलणारे शोधावे लागतात.

असो. राग काढायला हे पत्र नाही.

त्या सकाळी डॉकयार्डमधून जहाज निघालं. माझगाव डॉकमध्ये बांधलेली १६३ मीटर लांबीची विनाशिका, आणि ब्राउवरून, म्हणजे धक्क्यावरून जहाजावर जायच्या फळीवरून, आईंना दोघांनी धरून वर घेतलं. हे ड्युटीवर होते, दिवसभर आम्हाला जेमतेम तोंड दाखवून गेले. कुलाब्याचा प्राँग्ज दीपस्तंभ उजव्या हाताला मागे पडला. आई मागच्या डेकवर खुर्चीत बसल्या होत्या, नजर निशाणावर. २०२२ पासून त्यावर महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे, हे नातवाने आजीला छाती फुगवून सांगितलं. मतलई वारा पडायला लागला तशा आई म्हणाल्या, “आता वारो फिरतलो.” थोड्या वेळाने खारा वारा सुटलाच. तिथे उभ्या असलेल्या तरुण अधिकाऱ्याने मान डोलावली.

आणि मग त्यांनी विचारलं, “माझो झील निजता खंय?”

मेसडेक, म्हणजे खलाशांची राहायची-झोपायची जागा, खाली. शिडी जवळजवळ उभी, पायऱ्या अरुंद, हाताला साखळी. मी म्हणणार होते, आई, राहू द्या. तेवढ्यात हेलिकॉप्टर येतंय असा पाइप, म्हणजे जहाजावरची घोषणा, झाला आणि सगळा लोंढा उलट्या दिशेने फ्लाइट डेककडे वळला. तुमची बायको आणि मुलगीही त्यातच. मुलगी “बाबा चला ना” म्हणत होती, ते मी ऐकलंय. तुम्ही तिला “तू हो पुढे” म्हणालात आणि आईंकडे वळलात. ना तुम्ही ह्यांच्या डिपार्टमेंटचे, ना तुम्हाला कोणी सांगितलेलं.

तुम्ही आधी खाली उतरलात. आईंना शिडीकडे तोंड करायला लावलंत, वरून मी दंड धरले. मग तुम्ही त्यांची टाच तळहातावर घेतलीत आणि पायरीवर ठेवलीत. “आई, आता डावा. सावकाश. टेकला? आता उजवा.” पूर्ण शिडी अशी. पांढऱ्या गणवेशाला पायाची धूळ लागत होती, तिकडे तुमचं लक्षही नव्हतं. मोठमोठ्या मंचांवर आमच्यासाठी टाळ्या वाजलेल्या मी ऐकल्या आहेत. पण माझ्या सासूचा पाय आजवर कोणी असा हातात घेतला नव्हता.

खाली एकावर एक तीन बंक, ह्यांचा मधला. आईंनी ब्लँकेटवरून हात फिरवला, उशी दाबून बघितली आणि विचारलं, पाणी कुठल्या बाजूला? तुम्ही त्यांचा हात धरून जहाजाच्या पत्र्यावर टेकवलात. “ह्याच्या पलीकडे, आई.” किती तरी वेळ त्यांनी हात काढला नाही. आणि घाई न करता तुम्हीही तिथेच उभे राहिलात. वर हेलिकॉप्टरची घरघर चालू होती, ते तुमच्या लेकीला तुमच्याबरोबर बघायचं होतं, हे ठाऊक असूनही.

चांगुलपणा हा असाच असतो, असं मला वाटतं. त्याला मोठा हुद्दा लागत नाही की परिपत्रक लागत नाही. समोरच्या माणसाला नेमकं काय हवंय ते ओळखायचं आणि त्यासाठी आपलं थोडं सोडायचं. दवाखान्यातल्या त्या माणसाला एक खुर्ची पुढे करायची होती, बस्स.

खाली फोटो काढता येत नाहीत, तेव्हा आईंच्या त्या चेहऱ्याचा फोटो माझ्याकडे नाही. पण हे आता पुन्हा सेलिंगवर आहेत आणि आई पूर्वीसारख्या रात्री उठून दार उघडून बसत नाहीत. शेजारणींना सांगतात, मधला बंक आहे, उशी बरी आहे, लाइट डोक्याशी आहे.

आईंचा निरोप आहे: “तेंका सांग, मालवणाक इलास तर घराकडे येवा.” वहिनींना आणि मुलीला घेऊन या. मुलीला माझ्याकडून सॉरी सांगा आणि तिच्या बाबांनी त्या वेळात काय केलं, तेही सांगा.

आपली कृतज्ञ,
तुमच्याच जहाजावरच्या एका लीडिंग सीमनची बायको