सईच्या फॉर्मबद्दल

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

सईनं एनडीएचा, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा फॉर्म भरला हे कळल्यावर बाबा, तुम्ही एवढंच विचारलंत, "पोरीला आकाशातून पडायला पाठवणार का? आणि दहा वर्षांनी काय?" आणि फोन आईच्या हातात दिलात. आईनं लग्नाचा विषय काढला. मी गप्प बसले, कारण बोलले असते तर दोन्हीकडून आवाज चढला असता. म्हणून पत्र लिहिते आहे. तुम्ही जन्मभर गणित शिकवलंत, तेव्हा भावनेची गळ घालत नाही. जे मला ठाऊक आहे ते मांडते, उत्तर तुम्ही काढा.

आधी तुमच्या बाजूचं. हवाई दलानं शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीवर, मुलींना वैमानिक म्हणून घ्यायला सुरुवात केली १९९३ साली. पहिल्या तुकडीत सात जणी होत्या. त्यांतली एक चंदीगडची हरिता कौर देओल. २ सप्टेंबर १९९४ रोजी तिनं अॅव्रो विमान सोलो उडवलं, म्हणजे शिक्षक सोबत नसताना. हवाई दलात असं उड्डाण करणारी पहिली स्त्री म्हणून तिची नोंद आहे. तेव्हा ती जेमतेम बावीस वर्षांची. अॅव्रो म्हणजे कानपूरला बांधलेलं, दोन इंजिनांचं मालवाहू विमान, लढाऊ नव्हे. माणसं आणि सामान इकडून तिकडे न्यायचं काम. आणि २४ डिसेंबर १९९६ ला आंध्र प्रदेशात असंच एक अॅव्रो कोसळलं. २४ माणसं गेली, त्यांत हरिता होती. पहिल्या सोलोला अडीच वर्षंसुद्धा झाली नव्हती.

हे मी सईपासून लपवलेलं नाही. फॉर्म भरायच्या आधीच तिला वाचायला दिलं. मला भीती वाटत नाही असं समजू नका. पण त्या विमानात हरिताखेरीज आणखी तेवीस जण होते, बाबा. त्यांच्या वडिलांना कुणी "मुलाला पडायला पाठवलंत का" असं विचारलं नसेल. धोका आहे हे कबूल. तो मुलीचा म्हणून वेगळा आहे, हे मात्र मला कुठे दिसलं नाही.

मुलींच्या आड मशीन आलंच नव्हतं, आला तो नियम. सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये लाहोरला जिप्सी मॉथ विमान एकटीनं उडवलं होतं, तेही साडी नेसून. आपल्या आजीच्या पिढीतली बाई ती! तिथून हवाई दलातल्या मुलीच्या सोलोपर्यंत यायला ५८ वर्षं लागली. विमानं तर दर दहा वर्षांनी बदलत होती.

आता गुंजन सक्सेना, कारगिल युद्धात हेलिकॉप्टर उडवलेली वैमानिक. आईला वाटतं सईनं तिच्यावरचा सिनेमा बघून हे डोक्यात घेतलं. सिनेमा तिनं पाहिलाय, मीही पाहिलाय, आणि त्याच्याबद्दल माझी तक्रारच आहे. त्यात गुंजन एकटी दाखवली आहे. प्रत्यक्षात १९९६ मध्ये उधमपूरच्या हेलिकॉप्टर युनिटमध्ये तिच्याबरोबर श्रीविद्या राजनही होत्या, आणि कारगिलच्या वेळी दोघींनीही उड्डाणं केली. श्रीविद्यांनी हे पुढे जाहीरपणे सांगितलं. सिनेमाला एकच नायिका लागते, त्याला कोण काय करणार.

गुंजनचे वडील आणि भाऊ दोघेही लष्करात. दिल्लीच्या हंसराज कॉलेजमधून पदवी घेऊन ती हवाई दलात आली. तिच्या वाट्याला आलं चीता हेलिकॉप्टर. हे मी मुद्दाम वाचून काढलं, कारण काम नेमकं काय असतं ते समजल्याशिवाय मला मत देता येईना. चीता लहानसं, एका इंजिनाचं, आणि त्यावर एकही शस्त्र नाही. पण उंचीवर त्याच्यासारखं दुसरं मिळणं कठीण. ज्या फ्रेंच लामा हेलिकॉप्टरवरून ते बनवलं, त्यानं १९७२ मध्ये १२,४४२ मीटरपर्यंत चढून विक्रम केला होता. उंचीवर हवा विरळ होते, पात्यांना पकड कमी मिळते, इंजिनाचा जोरही उतरतो. त्यामुळे प्रत्येक किलोचा हिशोब करावा लागतो: इंधन किती घ्यायचं, जखमी किती उचलायचे. दरीत वारा कधी वरून दाबतो, कधी खालून उचलतो. उतरायची जागा म्हणजे डोंगराच्या अंगावरचा दगडगोट्यांचा सपाट तुकडा. आणि १९९९ च्या त्या उन्हाळ्यात समोरच्या शिखरांवर बंदुका घेऊन बसलेले लोक होते.

गुंजन तेव्हा चोवीस वर्षांची. जखमींना खाली आणायचं, पुढच्या चौक्यांना रसद पोचवायची, शत्रूची ठाणी कुठे आहेत ते वरून पाहून कळवायचं, हे काम. म्हणजे गोळी झाडायची नाही, पण गोळीच्या टप्प्यात जायचं. युद्धक्षेत्रात उडणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया म्हणून या दोघींचं नाव घेतात ते यासाठी. मला त्यातला चीतावरचा तो वजनाचा हिशोब जास्त भावला. जवान जखमी होऊन पडलाय, आणि तुम्ही डोकं थंड ठेवून ठरवताय की इंधन किती कमी केलं तर त्याला उचलता येईल. सईला हेच आवडलं असं ती म्हणाली. बाबा, ही तुमचीच नात.

पण गुंजनच्या गोष्टीतला मला सर्वांत जड गेलेला भाग कारगिलचा नाही. २००४ मध्ये तिची नोकरी संपली. शॉर्ट सर्व्हिस होती, मुदत भरली, घरी. तिच्या वेळच्या वैमानिक मुलींना कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंत नोकरीत राहण्याचा, मार्गच नव्हता. युद्धात उडालेली अनुभवी वैमानिक, तिशीही उलटलेली नाही, आणि तिला निरोप! याला शौर्याचा अपमान वगैरे मी म्हणणार नाही. मला तो निव्वळ उधळेपणा वाटतो. एक वैमानिक घडवायला सरकारचे किती कोटी जातात! पुढे काहीजणी कोर्टात गेल्या, आणि २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं महिला अधिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. तुम्ही विचारलंत ना, "दहा वर्षांनी काय?" तर तो प्रश्न रास्त होता, फक्त वीस वर्षांपूर्वीचा. एनडीएतून जाणाऱ्यांना कायम कमिशन असतं.

आई, तुझं लग्नाचं. तुझी काळजी हवाई दलालाही होती, हसू नकोस! १८ जून २०१६ ला हैदराबादजवळच्या दुंडिगलला, हवाई दलाच्या अकादमीत, अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंह या तिघी लढाऊ विमानांसाठी कमिशन झाल्या. पहिली चार वर्षं मातृत्व लांबवावं, असा सल्ला त्यांना दिल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. मला राग आला होता. नंतर वाटलं, निदान उघड बोलले. लढाऊ विमानाचं प्रशिक्षण मध्येच सोडून पुन्हा तिथूनच धरता येत नाही, हेही खरं. सई एनडीएत गेली तर तिथली तीन वर्षं आणि पुढे दुंडिगल, इतके दिवस लग्नाला बंदीच आहे. तोवर तू स्थळं बघणं थांबवशील, हा मला दिसणारा एक फायदा.

त्या तिघींपैकी अवनीनं फेब्रुवारी २०१८ मध्ये जामनगरहून मिग-२१ बायसन एकटीनं उडवलं. त्यात दुसरं आसनच नसतं. उतरताना ते ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगानं धावपट्टीवर टेकतं. तुम्हाला मिग म्हटलं की अपघात आठवतात, तर ते विमान सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला निरोप देऊन निवृत्त झालं. अवनी पुढे सुखोई-३० वर गेली आणि जानेवारी २०२३ मध्ये जपानमधल्या सरावात उतरली. मोहना २०२४ मध्ये तेजसवर गेली. भावना २०१९ मध्ये दिवसाच्या लढाऊ मोहिमांसाठी पात्र ठरली. मुलींना लढाऊ विमानांवर घेण्याचा हा सगळा प्रकार आधी प्रयोग म्हणून होता, २०२२ मध्ये कायम झाला.

खडकवासल्याचं दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानं उघडलं. मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ ला बाहेर पडली, सतरा जणी. म्हणजे सई काही पहिली नाही. मला त्याचं बरंच वाटतं. पहिलीला सगळं सिद्ध करावं लागतं, अठरावीला निदान विमानाकडे लक्ष देता येतं.

आणि निवड होईलच असं कुठे आहे? लेखीनंतर पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत. वैमानिकांसाठी संगणकावरची वेगळी चाचणी, ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं की वैमानिक होण्याचा तो रस्ता कायमचा बंद. मग वैद्यकीय, त्यात पायाची लांबीसुद्धा मोजतात, ९९ सेंटिमीटरहून कमी चालत नाही, कॉकपिटमध्ये पेडलपर्यंत पाय पोचायला हवा. मुलगी रात्री टेप घेऊन भिंतीला टेकून बसलेली मी पाहते.

तेव्हा फॉर्म मागे घ्यायला मी तिला सांगणार नाही. तुमची नाराजी राहिली तरी सांगणार नाही.

मात्र एक काम आहे. लेखी परीक्षा एप्रिलमध्ये. गणिताचे १२० प्रश्न, अडीच तास, चुकीला गुण कापतात. सईची त्रिकोणमिती ठीक आहे, संभाव्यतेला मात्र ती अडखळते, आणि क्लासमधले सर तिला नुसती सूत्रं देतात. रविवारी सकाळी दहाला तुम्ही व्हिडिओ कॉलवर बसाल का? आजोबांचा विरोध विमानाला आहे, संभाव्यतेला नसावा, असं तिचं म्हणणं. आईला विचारून कळवा, म्हणजे तिला तसं सांगते.

तुमची,
नंदा