बोट आली, पण आधी ट्रेलरचं सांगतो

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बोट घेतली हे फोनवर सांगितलं तेव्हा सगळ्यांनी रंग कोणता, नाव काय ठेवलं, मासे लागले का असं विचारलं. बाबा, तुम्ही एकट्यानं विचारलंत, "तुझी गाडी ओढेल का ती?" पोरांच्या गलक्यात धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र. या सगळ्या खरेदीत विचारण्यासारखा प्रश्न तोच होता. कोणती बोट घ्यायची ते शेवटी आमच्या गाडीनंच ठरवलं.

गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात ओढण्याची मर्यादा दिलेली असते. आमच्या गाडीची आहे १,५०० पौंड, म्हणजे ६८० किलो. त्यात एकटी बोट धरून चालत नाही. ट्रेलर (म्हणजे बोट ठेवून गाडीमागं ओढायचा चाकांचा सांगाडा), इंजिन, बॅटरी, टाकीतलं पेट्रोल, नांगर, दोर, जॅकेटं, गळाचं सामान, सगळं त्यातच बसवायचं. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात जे वजन छापतात ते बहुतेक वेळा नुसत्या रिकाम्या सांगाड्याचं असतं. तेव्हा तुमच्या पद्धतीनं कागद घेऊन बसलो. बोट २५० किलो, इंजिन ६५, ट्रेलर १८०, बॅटरी २२, पंचवीस लिटर पेट्रोल टाकीसकट २०, आणि बाकी किडूकमिडूक ६०. बेरीज झाली ५९७. म्हणजे ऐंशी-एक किलोची जागा उरली. ती मुद्दाम उरू दिली आहे, कारण घरातून निघताना प्रत्येक जण "एवढंच राहिलंय" म्हणत काहीतरी बोटीत टाकतोच.

विक्रेत्याचा सगळा जोर अठरा फुटीवर होता. "सोळा फुटी घेतलीत तर दोन वर्षांत बदलायला याल," हे त्याचं पालुपद. बोट सुंदर होती, नाही म्हणत नाही. पण ती घेतली असती तर मागोमाग मोठं इंजिन, त्यासाठी मोठा ट्रेलर आणि तो ओढायला मोठी गाडी घ्यावी लागली असती. सोळा फुटी घेतली. ॲल्युमिनियमची, पुढून इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तळाची, मागं मात्र बरीच सपाट. पुढचा व्ही लाट कापतो, मागचा सपाट भाग बोट स्थिर ठेवतो. अगदी सपाट तळाच्या बोटी उथळ पाण्यात छान चालतात, पण वारा सुटला की प्रत्येक लाटेवर आपटतात, आणि इथलं तळं दुपारनंतर वाऱ्याचं आहे.

फायबरची का नाही असं धाकट्यानं विचारलं होतं, त्याला सांगा: वजन. तेवढ्याच लांबीची फायबरची बोट बरीच जड असते. ॲल्युमिनियमला पोचे पडतात, पाणी आपटलं की पत्रा वाजतो, पण दगडाला लागली तरी सहसा फुटत नाही.

जुन्याही पाहिल्या. जुन्या बोटीत मागची फळी, जिच्यावर इंजिन लटकतं, ती आतून बहुधा लाकडाची असते. वर पत्रा चकचकीत आणि आत लाकडाचा भुसा, असा प्रकार बघायला मिळाला. इंजिनाच्या डोक्यावर हात ठेवून वर-खाली दाबलं की फळी हलते का ते दिसतं, ती हललीच. दुसऱ्या एका बोटीखालच्या ट्रेलरवर मालकानं स्वतः बोट टेकायला दोन नव्या लाकडी पट्ट्या बसवल्या होत्या, आणि नेमकं वाळवी लागू नये म्हणून रसायन मुरवलेलं लाकूड वापरलं होतं. त्या रसायनात तांबं असतं. ओलं तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, ते तुम्हाला सांगायला नको. बोटीच्या तळाला त्या दोन पट्ट्यांच्या रेषेत खड्डेच खड्डे पडले होते. मालकाला बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. त्यानंतर आमचं नवीन घ्यायचं पक्कं झालं.

आता इंजिन. बोटीच्या आतल्या बाजूला एक पत्र्याची पट्टी रिव्हेट करून लावलेली असते. अमेरिकेत वीस फुटांखालच्या अशा मोटरबोटींना ती कायद्यानं लागतेच. किती माणसं, किती वजन आणि जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर, हे तिच्यावर कोरलेलं असतं. आमच्या पट्टीवर ५ माणसं किंवा ६५० पौंड असं आहे. ६५० पौंड म्हणजे २९५ किलो. पाचांत वाटा, माणशी ५९ किलो येतं! आपल्या घरातल्या कुठल्या पाच जणांना हे लागू पडेल ते तुम्हीच सांगा. मामा आले तर चौघंच. हॉर्सपॉवरची मर्यादा ३५ आहे, आम्ही २५ चं घेतलं. चार स्ट्रोकचं आहे, तेल वेगळं राहतं, पेट्रोलमध्ये मिसळावं लागत नाही. इंजिनापासून खाली पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची लांबी मागच्या फळीच्या उंचीला जुळावी लागते: आमची फळी वीस इंची, म्हणून दांडाही वीस इंचीच. आखूड लावला तर पंखा हवा ओढतो, नुसता आवाज करतो आणि बोट पुढं जात नाही.

ही मागं लटकवायची इंजिनं ओले एव्हिनरूड नावाच्या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिरानं १९०९ पासून मिलवॉकीत बनवून विकायला सुरुवात केली. त्याच्या आधीही लोकांनी प्रयत्न केले होते, पण धंदा चालला तो याचा. वल्ही मारत आइस्क्रीम आणायला गेला, परत येईपर्यंत ते वितळलं, म्हणून त्याला इंजिन सुचलं अशी गोष्ट सांगतात. खरी असो-नसो, आमच्या घरात ती वल्ह्यांच्या विरोधात पुरावा म्हणून वापरली जाते. वल्ही तरीही घेतली आहेत. इंजिन बंद पडतंच कधीतरी.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. बोटीला वर्षाचे बरेच दिवस पाणी दिसत नाही, ती ट्रेलरवरच असते. आणि रस्त्यावर माणसं अडकून पडतात ती ट्रेलरमुळे, बोटीमुळे नाही. म्हणून पैसे वाचवायचे तर ते बोटीतल्या खुर्च्यांवर वाचवावेत, ट्रेलरवर नकोत, असं माझं मत झालं आहे. रंगवलेला ट्रेलर स्वस्त होता, आम्ही जस्ताचा मुलामा दिलेला घेतला. रंगाला पहिला ओरखडा पडला की तिथून गंज आत शिरतो.

ट्रेलरच्या सगळ्या वजनातला साधारण दहावा हिस्सा गाडीच्या हुकावर पडायला हवा. आमच्या बाबतीत साठेक किलो. ते कमी झालं तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो, आणि एकदा झुलायला लागला की घाबरून ब्रेक दाबला तर आणखी झुलतो. जास्त झालं तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. बोट ट्रेलरवर पुढं-मागं सरकवून हे जमवतात. आम्ही तराजूवर मोजून घेतलं. ट्रेलरचं तोंड ज्यावर बसतं त्या हुकाच्या गोळ्याचे इथं दोन इंचाच्या आसपास निरनिराळे आकार मिळतात, ट्रेलरच्या तोंडावर आकडा कोरलेला असतो. आमचा दोन इंची. जवळपास बसतो म्हणून लहान गोळा लावला तर सपाट रस्त्यावर काही कळत नाही, खड्ड्यात तोंड उचकटतं. त्यासाठीच खालून दोन साखळ्या कैचीसारख्या ओलांडून लावायच्या: तोंड सुटलंच तर ते रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडावं.

बाबा, बेअरिंगचा भाग तुमच्यासाठी राखून ठेवला होता. मैलोन्‌मैल पळून चाकांचे हब, म्हणजे बेअरिंग बसतात ते मधले भाग, तापलेले असतात आणि तसेच तळ्याच्या गार पाण्यात जातात. आतली हवा एकदम आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत खेचते. ग्रीस दुधाळ होतं, बेअरिंग गंजतं, आणि महिनाभरानं हमरस्त्यावर चाक निखळतं. उपाय म्हणून हबच्या टोकाला स्प्रिंगची टोपी मिळते. तिच्यात ग्रीस गनने ग्रीस भरलं की स्प्रिंग ते थोड्या दाबाखाली ठेवते, मग पाण्याला आत शिरायला वाव उरत नाही. तरीही वाटेत कुठं थांबलो की मी हबला हात लावून बघतो. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर गाडी पुढं न्यायची नाही. टायर ट्रेलरसाठीचे वेगळेच असतात, आणि ते झिजण्याआधी वयानं जातात, उन्हात उभे राहून कडेला चिरतात. जादा चाक किमतीत धरलेलं नव्हतं, ते वेगळं विकत घ्यावं लागलं. याचा मला अजून राग आहे.

उलटा ट्रेलर मागे घेणं सगळ्यांना अवघड जातं. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे. युक्ती सोपी आहे: हात स्टिअरिंगच्या तळाला धरायचा, मग हात ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला ट्रेलर जातो. गंमत म्हणजे लांब ट्रेलर मागे घेणं सोपं, आखूड अवघड, कारण आखूड ट्रेलर क्षणात आडवा होतो. सूनबाईला हे माझ्याआधी जमलं. आता बोट पाण्यात सोडायच्या उतारावर गाडी तीच मागे घेते आणि मी दोर धरून उभा असतो.

पाण्यातून बोट काढली की मागच्या बाजूचं बूच काढून सगळं पाणी तिथंच सांडून द्यायचं. काही राज्यांत बूच लावून रस्त्यावर बोट ओढणं हाच गुन्हा आहे. कारण आहे झेब्रा मसल नावाचा नखाएवढा शिंपला. काळ्या आणि कॅस्पियन समुद्राकडचा हा प्राणी जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून इकडे आला, १९८८ मध्ये अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरात सापडला आणि मग पाण्याच्या पाइपांत थर साचवत सुटला. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, बोटीच्या तळाशी उरलेल्या तांब्याभर पाण्यातूनही दुसऱ्या तळ्यात पोचतात. म्हणून धुवायचं, निथळवायचं, वाळवायचं. याला फाटे फोडणारे लोक इथंही आहेतच.

कागदपत्रं दोन वेगळी: बोटीच्या अंगावर बारा अक्षरांचा नंबर, ट्रेलरला गाडीसारखा सतरा अक्षरांचा. दोन्ही स्वतः वाचून कागदाशी ताडून घेतले, मगच सही केली.

आई, तू काही विचारलं नाहीस, पण तू गप्प झालीस ते मला फोनवरही कळलं. म्हणून तुझ्यापुरतं लिहितो. या बोटीच्या बाकांखाली फोम भरलेला आहे. ती पाण्यानं काठोकाठ भरली तरी बुडत नाही, सपाट तरंगत राहते, अशीच ती बांधावी लागते. चालवणाऱ्याच्या अंगाला एक लाल दोरी अडकवलेली असते. तो पडला तर दोरी सुटते आणि इंजिन तिथल्या तिथं बंद होतं. अशी सोय असलेल्या २६ फुटांखालच्या बोटींत वेगानं जाताना ती अडकवणं १ एप्रिल २०२१ पासून केंद्रीय कायद्यानं सक्तीचं आहे. आणि जॅकेट. इथल्या कोस्ट गार्डचा दरवर्षी अहवाल येतो, त्यात बोटीवरून बुडून गेलेल्या दहांतल्या आठांहून जास्त लोकांच्या अंगावर जॅकेट नसतं. बोटीत असतं, पण बाकाखाली. आमच्याकडे नियम असा की जॅकेट घातल्याशिवाय ट्रेलरवरून बोट सुटत नाही, आणि तो मोठ्यांनाही आहे. पोहता येणारा माणूससुद्धा गार पाण्यात पडला की पहिल्या मिनिटात नुसता धापा टाकतो, पोहणं नंतरचं. बोट सोळा फुटी असल्यामुळे फेकायची एक तरंगती गादीही ठेवावी लागते, ती पोरांनी बसायला पळवली आहे, पण हाताशीच असते.

नव्या इंजिनाचे पहिले दहा तास ते एका वेगात चालवायचं नसतं, सारखा वेग कमी-जास्त करत राहायचं. त्यामुळे मासेमारी अजून सुरू झालेली नाही, नुसत्या तळ्याला चकरा चालू आहेत. मासे लागले की वेगळं लिहीन.

तुम्ही दोघं येणार आहात त्याआधी एक काम. मुलांची जॅकेटं वजनावर मिळतात, मोठ्यांची छातीच्या मापावर. शिंप्याची टेप घेऊन दोघांचं माप इंचांत घ्या, स्वेटर घालून घ्या, कारण सकाळी पाण्यावर स्वेटर लागतोच. बाबा, आईचं माप तुम्ही अंदाजानं सांगू नका, घेऊनच कळवा.

तुमचा,
मिलिंद