डबा काढून टाका म्हणतात

प्रिय सुन्या,

बरेच महिने तुला धड लिहिलं नाही, तुझ्या मेसेजना नुसते अंगठे दाखवत बसलो, राग आला असेल तर दिवाळीत आलास की काढ. तब्येत ठीक, आईचा गुडघा आहे तसाच. पण सध्या घरात जे चाललंय ते तुलाच कळेल.

आपला डबा रे, घरचा राउटर म्हणून लावलेला चार कोअरचा छोटा कॉम्प्युटर. एपीयू२. तू कपड्यात गुंडाळून आणलेला, ज्याचा सिरियल कन्सोल (केबल जोडून आत शिरायची वाट) चालेना म्हणून जाड्या आणि तू केबलवरून भांडलात आणि शेवटी त्या केबलचा वेग, बॉड रेट, ११५२०० टाकल्यावर गप्प झालात, तोच. सगळे म्हणतायत काढून टाक.

झालं असं की प्लॅन वाढवून १ जीबीपीएसचा घेतला आणि स्पीड ४३० एमबीपीएसच्या वर जाईना. लाइनवाला पोरगा आला, त्याने आपला लॅपटॉप थेट जोडला, ९०० च्या वर दाखवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, काका हा डबा काढा, आमचा राउटर फुकट बसवून देतो. झालं. तेव्हापासून दादा रोज जेवताना तेच. अरे पण त्यांच्या राउटरची सेटिंग ते त्यांच्याकडून बदलू शकतात, माझे नियम त्यात कुठे टाकू? कॅमेरे, टीव्ही, आईचा फोन, माझा ऑफिसचा लॅपटॉप, सगळी जनावरं एकाच गोठ्यात. ते मला नको आहे.

म्हणून शनिवारी सगळे झोपल्यावर नीट मोजायला बसलो. एक लॅपटॉप वॅनला (बाहेरच्या लाइनच्या पोर्टला), एक लॅनला (घरच्या बाजूला), मध्ये डबा. स्पीड मोजायचं आयपर्फ३ डब्यावर चालवायचं नाही, डब्याच्या आरपार चालवायचं, नाहीतर त्याचा सीपीयू आकडे तयार करण्यातच दमतो, हे तूच तेव्हा ओरडून सांगितलेलंस. आधी साधा आयपी लावला, पीपीपीओई (लाइनवर युजरनेम-पासवर्डने लॉगिन करायची पद्धत, जी प्रत्येक पाकिटाला आपलं हेडर लावते) नाही, नॅट (सगळ्या घराला एकाच बाहेरच्या पत्त्यावरून नेणं) आणि सगळे फायरवॉल नियम चालू. चार स्ट्रीम, म्हणजे एकाच वेळी चार जोडण्या, सोडल्या तर ९४१! सुन्या, ९४१ म्हणजे गिगाबिटचं छतच ते, १५०० च्या पाकिटात १४४८ बाइट आपला माल आणि तारेवर एकूण १५३८ जातात, यापुढे कुणाचाच डबा जात नाही. म्हणजे केबल बरी, पोर्ट बरे, डब्यातल्या फ्रीबीएसडीचा फायरवॉल पीएफ बरा.

मग जुन्या लॅपटॉपवर लिनक्सचा पीपीपीओई सर्व्हर उभा केला आणि तीच चाचणी मायनस आर लावून, म्हणजे डाउनलोडच्या दिशेने. धाडकन ४३०. दुसऱ्या खिडकीत डब्यावरचं टॉप मायनस पी (प्रत्येक कोअर किती कामात आहे ते दाखवणारं) उघडं होतं, शून्य नंबरचा कोअर शंभर टक्के आणि बाकीचे तीन जवळजवळ रिकामे. चार स्ट्रीम सोडा नाहीतर सोळा, तेच. अपलोड मात्र बरंच वर जातं.

कारण तुला माहितीये. डब्यातलं आय२१० नेटवर्क कार्ड आयपी आणि पोर्ट बघून पाकिटं चार रांगांत वाटतं, पण पीपीपीओईत आयपीच्या आधी त्याचं हेडर बसतं, कार्डाला आतलं दिसत नाही, मग सगळं एकाच रांगेत, एकाच कोअरवर. आणि कोअर केवढा, १ गिगाहर्ट्झचा. दादाला हे सांगितलं तर म्हणे, म्हणजे डबाच स्लो ना? कसं समजावू? चार मजूर घेतलेत आणि काम एकालाच दिलंय, तर मजूर आळशी कसे!

नेट डॉट आयएसआर डॉट डिस्पॅच डिफर्ड करून बघितलं (आलेली पाकिटं लगेच न उरकता रांगेत लावून पुढे द्यायची सेटिंग), ५५० च्या आसपास गेलं. बरं वाटलं पण पुरेसं नाही.

आता तू म्हणशील फ्रीबीएसडी काढून लिनक्स टाक. माहितीये, तिथे कर्नल स्वतः पीपीपीओईच्या आत डोकावून कोअरवर वाटणी करतो, जाड्याच्या लग्नात मांडवात उभं राहून यावरच भांडलो होतो आपण आणि मठ्ठा तुझ्या शेरवानीवर सांडला. पण पीएफचे नियम मला वाचता येतात रे, मराठीसारखे वरून खाली, आणि तिथे मी अजून मागे हटलेलो नाही. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी घ्यायचा तर पैशाचं काही नाही, त्याचा एकटा कोअरसुद्धा हे सहज ओढेल. पण हा डबा बंद पडलेला नाही, पंखा नाही, आवाज नाही, दहा वॅटच्या आत चालतो, आणि कंपनीने आता हे बोर्ड बनवणं बंद केलंय, परत मिळायचा नाही. चालती वस्तू एका हेडरपायी फेकायची, जीव होत नाही.

तुझं घराचं काय झालं, मिळालं का? पोरीला किंडरगार्टनची जागा? हिने मेतकूट करून ठेवलंय, येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवतो.

एक काम कर. तुझ्याकडे तसाच बोर्ड पडून आहे ना कपाटात, आणि तुमच्या जर्मनीत डॉइश टेलिकॉम कंपनीची लाइनपण पीपीपीओईच. त्यावर लिनक्स टाक आणि मोज, पण लाइनवर नको, माझ्यासारखंच दोन लॅपटॉपमध्ये धरून, एक स्ट्रीम आणि चार स्ट्रीम, दोन्ही दिशांनी, कोअरच्या टक्केवारीसकट. ९०० च्या वर गेलं तर पीएफ सोडतो, तुझ्यासमोर कबूल करतो. तोवर दादाला थोपवून धरतो, पण लवकर कर, लाइनवाला पुढच्या आठवड्यात परत येणार आहे.

तुझा,
विन्या